तिचे फोटो ज्या खात्यात होते

जव्हारच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नावाला झेरॉक्स, खरा धंदा ऑनलाइन फॉर्मांचा. दाखले, शिष्यवृत्त्या, आधारची दुरुस्ती, बारावीनंतरचे प्रवेश. पाड्यांवरून पोरं येतात, सोबत बाप किंवा मोठा भाऊ, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. प्रत्येक फॉर्मला ईमेल लागतो. पोरांकडे तो नसतो, म्हणून मीच काढून द्यायचो. सगळं जग ज्या मोठ्या कंपनीचा ईमेल वापरतं, तिचाच. मोबाइल नंबर विचारला की बाप म्हणायचा, "तुमचाच टाका दादा. आमचं कार्ड काय टिकत नाय." ते खरंच होतं. दिवाळी झाली की ही माणसं भिवंडीला, वसईला कामावर जातात आणि तिकडे गेली की सिमकार्ड बदलतात. म्हणून नंबर माझा. अशी किती खाती माझ्या नंबरावर होती, ते मला आज सांगता येणार नाही.

प्रवेशाचे दिवस होते. सकाळी शटर वर केलं, कॉम्प्युटर सुरू केला, तर माझं स्वतःचं खातं उघडेना. पडद्यावर एक पान आलं. तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे. फसवणुकीच्या हेतूने एकाच ठिकाणाहून अनेक खाती तयार झाल्याचं आमच्या निदर्शनास आलं आहे. खाली हरकत नोंदवायला एक निळं बटण होतं. मी ते दाबलं, चार ओळी लिहिल्या, आणि चहा सांगितला. काहीतरी घोळ झाला असेल, संध्याकाळपर्यंत सुरळीत होईल, असंच वाटत होतं.

मग पोरांचे फोन यायला लागले. कुणाचाच ईमेल उघडत नव्हता. माझ्या नंबराशी जोडलेली जेवढी म्हणून खाती होती, ती सगळी एकाच सकाळी बंद झाली होती.

दुपारी बायकोचा फोन आला. ती जवळच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. एरवी कामाच्या वेळेत ती फोन करत नाही.

"अहो, तिचे फोटो दिसत नाहीयेत."

मशीनवरचा कागद तसाच सोडून मी दुकानाबाहेर आलो.

ती म्हणजे आमची मुलगी. चालायला लागायच्या आतच गेली. ताप आला, मग झटके यायला लागले. इथल्या डॉक्टरांनी नाशिकला न्यायला सांगितलं, आम्ही नेलं, तिथल्यांनीही त्यांच्या हातात होतं ते सगळं केलं. त्याला आता तीन वर्षं होतील. अख्ख्या तालुक्याचे फोटो मी छापून देतो, पण तिचा एकही फोटो मी कागदावर काढला नव्हता. बायकोनेच काढू दिला नव्हता. "भिंतीवर फोटो लागला की लोक हार आणतात," ती म्हणाली होती. "मला तिला हार घालायचा नाही." त्यामुळे जे काही होतं ते फोनमध्ये. मधल्या काळात माझा जुना फोन पाण्यात पडून गेला, तेव्हाही आम्ही घाबरलो नाही. सगळे फोटो कंपनीकडे वर चढलेले होते. नव्या फोनवर खातं उघडलं, पोरगी परत आली. बायकोच्या फोनमध्येही फोटो बघायला माझंच खातं टाकलेलं होतं. मुलं खिचडी खाऊन घरी गेली, पातेली घासून झाली, की ती अंगणवाडीच्या पायरीवर बसून थोडा वेळ ते फोटो बघायची. रोज. हे मला तिच्या मदतनीस बाईंनी सांगितलेलं, तिने कधी सांगितलं नाही.

हरकतीला उत्तर आलं. तुमची विनंती तपासली, निर्णय बदलता येणार नाही. उत्तर इतक्या लवकर आलं की कुणी काही वाचलं असणं शक्यच नव्हतं. मी पुन्हा लिहिलं. ओळखीच्या एका शिक्षकांकडून इंग्रजी नीट करून घेतलं. माझं दुकान आहे, मी फॉर्म भरतो, ही खाती खऱ्या मुलांची आहेत, हवं तर त्यांचे आधार पाठवतो. शेवटी लिहिलं की माझी मुलगी वारली आहे आणि तिचे फोटो तुमच्याकडे आहेत; खातं नका देऊ, फक्त फोटो द्या. त्यालाही तेच उत्तर आलं, शब्दाला शब्द. त्यानंतर ते निळं बटणसुद्धा पानावरून गेलं.

"त्यांचं ऑफिस कुठेय?" बायकोने विचारलं. "मुंबईला असेल ना? आपण जाऊ."

"तिथे जाऊन काही होत नाही. भेटतच नाहीत."

"कुणाशी तरी फोनवर बोला."

"माणूस नसतोच गं फोनवर. ते सगळं मशीनच बघतं."

"मग बंद केलं कुणी?"

तहसील कचेरीत मी आयुष्यभर चकरा मारल्या आहेत. साहेब नसतात, शिक्का नसतो, उद्या या म्हणतात. पण दाराबाहेर बाक तरी असतो. शिपाई ओळखीचा होतो. एखादा क्लार्क कंटाळून का होईना, कागद हातात घेतो. इथे रडायलासुद्धा समोर कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्याच तालुक्यातल्या वांगणीहून एक माणूस आपल्या मुलीला घेऊन दुकानात आला. पावसाने त्यांच्याकडचा रस्ता खचला होता. वावर गावापर्यंत चालत येऊन तिथून दोघांनी जीप धरली होती. मुलीला बारावीला चांगले मार्क होते आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म मीच भरला होता. तिचा नंबर कुठल्या कॉलेजात लागला ते ईमेलवर येणार होतं, आणि साइटवर आत शिरायलाही ईमेलवर आलेला ओटीपी लागत होता.

मी खुर्ची पुढे केली, पण बाप बसला नाही. "दादा, माझी पोर नापास झाली का?"

"नाही हो. पास आहे. तिचा ईमेल बंद झालाय."

"म्हंजे?"

"म्हणजे सरकारचा कागद जिथे येणार होता, तो पत्ता."

"पत्ता बंद कसा व्हईल? आमी तं तिथंच राहातो." त्याने मुलीकडे पाहिलं. मुलगी जमिनीकडे बघत होती. तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी दोघांना घेऊन पालघरला गेलो. प्रवेशाच्या चौकशी केंद्रावर एक तरुण अधिकारी होते. बोलायला चांगले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ईमेल बदलता येतो. त्यासाठी जुन्या ईमेलवर एक ओटीपी जाईल."

"तोच तर बंद आहे, सर."

"हो, पण सिस्टिम दुसरं काही घेतच नाही." मग त्यांनी स्वतःहून वर दोन-तीन फोन लावले. अर्ज लिहून घेतला, मुलीची सही घेतली, मुंबईला पाठवतो म्हणाले. त्यांनी तो पाठवलाही. नवा ईमेल मान्य झाल्याचा निरोप आला तेव्हा प्रवेशाची फेरी संपून गेली होती. तिचा नंबर सरकारी कॉलेजात लागलेला होता. वेळेत होकार आला नाही म्हणून जागा पुढच्याला गेली. हे सगळं मीच तिच्या बापाला फोनवर सांगितलं. त्याने कॉलेजचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी बायको माझ्याशी बोलेनाशी झाली होती. रागाने नव्हे. तिला बोलायला काही सुचतच नसावं. जेवण वाढायची, डबा द्यायची, पाणी भरायची. एकदा भाकरी थापता थापता थांबली आणि तव्याकडे बघत म्हणाली, "तेव्हा नेलं ते देवाने नेलं म्हणून मी गप्प बसले. आता हे कोण?" भाकरी तव्यावर करपली. मी ती उतरवली.

लावणी सुरू झाली तशी रजा टाकून ती साखरशेतला, माहेरी गेली. भाताची लावणी आईला एकटीला उरकत नाही, असं कारण सांगितलं. मी मागून तिथे गेलो ते फोटो शोधायला. मेव्हण्याकडे, सासूकडे, मावसबहिणींकडे आम्ही कधी ना कधी फोटो पाठवले होतेच. मी एकेकाचा फोन मागून घेऊन चाळत बसलो. जागा भरली म्हणून लोकांनी जुनं सगळं पुसलेलं. लग्नाचे, बैलांचे, क्रिकेटचे व्हिडिओ, सुप्रभातचे फोटो, आणि त्यात आमची पोरगी कुठेच नाही. मेव्हण्याच्या बंद पडलेल्या फोनमध्ये असतील या आशेवर तो नाशिकला दाखवून आणला. दुकानदार म्हणाला, बोर्डच गेलाय. शेवटी मावसबहिणीकडे एक फोटो सापडला. बारशाचा. गर्दीत कुणाच्या तरी मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली, तोंड अर्धं झाकलेलं, आणि पाठवण्यात दाबला गेल्याने इतका अंधुक की ती आमचीच हे आम्हीच ओळखावं. बायकोने चिखलाचे हात पदराला पुसून तो पाहिला आणि परत खाचरात उतरली.

मोखाड्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे एक सर माझ्या दुकानात कधीमधी टोनर भरून घ्यायला यायचे. ते असल्या मोठ्या कंपन्यांपासून लांब राहतात असं मी ऐकलं होतं, आणि पूर्वी त्यांना हसलोही होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी मी मोखाड्याला त्यांच्या खोलीवर गेलो. खाली बाजाराचा गलका चालला होता, सुक्या बोंबलांचा वास वरपर्यंत येत होता. मी पहिलाच प्रश्न विचारला, फोटो परत मिळवता येतील का?

"नाही," सर म्हणाले. "खोटं नाही सांगत. ते त्यांच्याकडे असतील किंवा पुसलेही असतील. आपल्याला कळायचा मार्ग नाही."

मी उठायला लागलो.

"बसा," ते म्हणाले. "यापुढचं तरी वाचवू."

त्यांनी मला सगळं सावकाश समजावलं. एका छोट्या कंपनीचा ईमेल होता. ती वर्गणी घेते आणि तुमची पत्रं कुलपात ठेवते. तिला स्वतःलाही ती वाचता येत नाहीत. निरोपांचं वेगळं ॲप होतं, नकाशाचं वेगळं, जे तुम्ही कुठे गेलात ते कुणाला कळवत नाही. फोटोंसाठी घरातच एक डिस्क, आणि तिची दुसरी प्रत दुसऱ्या गावात. "पण एक लक्षात ठेवा," सर म्हणाले. "या ईमेलचा पासवर्ड विसरलात तर जुनी पत्रं कुणीच उघडून देणार नाही. कंपनीपण नाही."

"आत्ता कोण देतंय?" मी म्हणालो.

त्यांनी माझा फोन मागून घेतला.

मी एकेक करून सगळं बदललं. माझा फोन सरांनी पूर्ण पुसून त्यावर दुसरी, त्या कंपनीशिवाय चालणारी मोकळी सिस्टिम चढवली. त्या दिवसापासून बँकेचं ॲप चालेना. हा फोन सुरक्षित नाही, म्हणे. निरोपांच्या नव्या ॲपवर माझ्या ओळखीचं एकच माणूस होतं, ते म्हणजे सर. ते लिहायचे, 'मोखाड्यात पाऊस.' मी लिहायचो, 'इकडेही.' नातेवाईक विचारायचे, ग्रुपमधून का गेलास, रागावलास का? एका चुलत्याच्या दहाव्याचा निरोप ग्रुपवर आला, तो मला मिळालाच नाही. दुकानात तर रोज मार खात होतो. नव्या कंपनीचा ईमेल एका सरकारी फॉर्ममध्ये टाकला की 'पत्ता अवैध' असं लाल अक्षरात यायचं. पोरं म्हणायची, "दादा, नेहमीचा काढून द्या ना, समोरच्या दुकानात लगेच देतात." आणि ती समोर जायची. जी थांबायची त्यांना मी आधी त्यांच्याच घरातला एखादा टिकाऊ नंबर आणायला लावायचो, त्यांच्याच हाताने पासवर्ड टाकायला लावायचो. ज्या फॉर्मला मोठ्या कंपनीशिवाय चालतच नव्हतं, तिथे निमूटपणे तिचाच काढून द्यायचो. दुसरं करणार काय? एक पाय इकडे, एक तिकडे. कधी कधी वाटायचं, हे सगळं मी कशासाठी करतोय? ज्याच्यासाठी कुलूप लावायचं, ते तर गेलेलंच आहे.

बायको लावणी उरकून परत आली, तेव्हा तिचाही फोन बदलू म्हणून मी हातात घेतला. तिचं त्याच मोठ्या कंपनीचं एक वेगळं खातं होतं, मुलगी व्हायच्या आधीच कामासाठी तिच्या ऑफिसात उघडून दिलेलं. ते शाबूत होतं. त्यावर अंगणवाडीचं ॲप चालतं, मुलांची वजनं भरायची असतात, त्यामुळे ते बंद करता येणार नव्हतं. म्हटलं, निदान कंपनीने आत काय काय गोळा केलंय ते पुसून टाकू. सरांनी दाखवलं होतं तसं उघडत गेलो, आणि एका पानावर नकाशा आला. ती कुठे कुठे गेली त्याच्या निळ्या रेषा. साखरशेत, अंगणवाडी, पंचायत समिती, बाजार. मी मागे मागे जात राहिलो, आणि तो दिवस आला.

जव्हारहून निघालेली रेष मोखाड्यातून पुढे त्र्यंबककडे गेलेली. मध्ये घाटात एके ठिकाणी एक ठिपका. तिथे ॲम्ब्युलन्स थांबली होती. पोरगी निपचित पडली म्हणून बायको ओरडली होती, नर्सने गाडी बाजूला घ्यायला लावून तिला ऑक्सिजन नीट बसवला होता. मग नाशिक. तिथल्या दवाखान्यावर एक मोठा ठिपका. आणि मग परतीची रेष, मध्ये कुठेही न थांबलेली. आम्ही तिला घेऊन परत आलो, ती.

ही रेष काढून ठेव असं आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. जे ठेव म्हणून सांगितलं होतं, ते गेलं. माझं बोट पुसायच्या बटणावर होतं. बायको मागे उभी आहे हे मला कळलं नव्हतं.

"काय आहे हे?"

मी सांगितलं. ती खाली बसली. फोन माझ्या हातातून घेतला, आणि बोटाने ती रेष जव्हारपासून हळूहळू पुढे नेत गेली. घाटातल्या ठिपक्यावर थांबली.

"इथे तिने डोळे उघडले होते," ती म्हणाली. "तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी होतात."

हे मला माहीत नव्हतं.

"पुसू ना?" मी विचारलं. "त्यांच्याकडे कशाला ठेवायचं हे?"

"नको."

"अगं, त्यांनी हे न विचारता..."

"कळलं मला. राहू द्या. एवढं तरी आहे."

मी पुसलं नाही. ते अजूनही तिथेच आहे, त्यांच्याकडे. कधी त्यांच्या मनात आलं तर तेही जाईल. मी त्या पानाची एक प्रत काढून आमच्या डिस्कवर ठेवली आहे. बारशाच्या अंधुक फोटोशेजारी. डिस्क दुकानातल्या कपाटात, दुसरी साखरशेतला सासूच्या पेटीत. इतक्या मोठ्या डिस्कवर आमचं म्हणण्यासारखं एवढंच.

वांगणीचा तो माणूस पुढच्या वर्षी एकटाच आला. मी लांबूनच ओळखलं आणि उठून उभा राहिलो. त्याला त्याच्या धाकट्याच्या जातीच्या दाखल्याची झेरॉक्स हवी होती. मी म्हटलं, या वर्षीचे नर्सिंगचे फॉर्म सुटलेत, मुलीला पाठवा, आता तिच्याच नंबरावर करू, मी पैसे घेणार नाही.

"तिचं लगीन केला, दादा," तो म्हणाला. "फागणात. आता तिकडं वाड्याला रहते."

"ती काय म्हणाली?"

"काय म्हणंल?" त्याने झेरॉक्स नीट घडी करून खिशात ठेवली. जाताना वळून म्हणाला, "तुमी आमच्यासंग पालघरला आल्ता. तेवढं कोन येतो?" हे त्याने मला दिलासा म्हणून म्हटलं असणार. त्या दिवशी पुढचं गिऱ्हाईक काय म्हणतंय ते मला बराच वेळ ऐकू आलं नाही.

घरात आता आम्ही तिच्याबद्दल बोलतो. पूर्वी बोलत नव्हतो, फोटो होते म्हणून गरज पडत नसावी. बायको संध्याकाळी अंगणवाडीचं रजिस्टर भरून झालं की एखादा फोटो सांगते. हो, सांगते. एका फोटोत ती ताटलीतली नाचणीची पेज सगळी डोक्याला फासून बसली होती. एकात माझ्या बोटाला धरून उभी होती, आणि मी फोटोत नव्हतो, नुसतं बोट होतं. मी ऐकतो. काही मला आठवतात, काही ती सांगते तेव्हा मला आठवल्यासारखे वाटतात, आणि ते खरंच आठवतात की तिच्या सांगण्यातून माझ्या डोळ्यांपुढे उभे राहतात, ते मला ठरवता येत नाही.

परवा ती थंडीतला एक फोटो सांगत होती. अंगणात ऊन होतं, पोरगी चटईवर पालथी पडून मान वर करून बघत होती, डोक्यावर तिच्या आजीने विणलेली टोपी होती.

"हिरवी टोपी," मी म्हणालो.

"पिवळी."

"हिरवी होती गं. मीच काढला होता तो फोटो."

"मी रोज बघत होते," ती म्हणाली. "पिवळी."

टोपी आम्ही तिच्यासोबतच दिली होती. सासूला विचारलं तर तिने अशा किती तरी विणल्या आहेत, तिला आठवत नाही. बायको थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. ती कुठल्याही क्षणी रडेल असं वाटलं, पण रडली नाही. तिने रजिस्टर पुन्हा उघडलं, आणि मघाशी भरलेलीच वजनं परत एकदा वरून खाली तपासायला लागली.